मागच्या डाव्या टायरविषयी

रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबांना,

तुमच्या जावयाचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, कंबर धरली आहे. ती कशाने धरली ते पुढे येईलच, पण नमस्कार मनाने पूर्ण वाकूनच केला आहे असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? दादा सांगत होते की त्यांच्या घरी तुम्ही आता काठी न घेता खिडकीपर्यंत जाता आणि खाली लोक गाड्या कशा वेड्यावाकड्या लावतात ते वरून ओरडून सांगता. ऐकून बरं वाटलं. व्यायाम टाळू नका, जिना उतरायची घाई करू नका, आणि नवा गुडघा तुमचं ऐकायला लागेपर्यंत तुम्हीच थोडं त्याचं ऐका. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. सगळे म्हणजे आई, तुमची लेक, मी आणि तुमची गाडी. गाडीच्या बाबतीत 'सुखरूप' हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यायचा आहे, म्हणून हे पत्र.

एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. राग मानू नका, पण तुम्ही कानाचं यंत्र कपाटात जपून ठेवता आणि फोनवर तसंच बोलता. मागे मी "गाडी धुतली" म्हणालो तेव्हा तुम्ही "गाडी ठोकली" असं ऐकलंत, आणि ते निस्तरताना दादांना तुमचं ब्लडप्रेशर दोनदा मोजावं लागलं. आज जे सांगायचं आहे त्यातला एक शब्द चुकीचा ऐकू गेला तर पंचाईत, आणि सगळं बरोबर ऐकू गेलं तर त्याहून मोठी पंचाईत. शिवाय कागदावर तुम्हाला मधे बोलता येत नाही. (हे मी पूर्ण आदराने म्हणतो आहे.) तरी पत्र वाचायला घेण्याआधी खुर्चीत बसावं, पाय स्टुलावर ठेवावा आणि वहिनींना जवळपास असू द्यावं.

मी घाबरट आहे हे तुम्हाला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. पण त्यात निम्मा वाटा माझ्या नोकरीचा आहे हे मी कधी नीट समजावून सांगितलं नव्हतं. विमा कंपनीच्या दावे विभागात बसायचं म्हणजे रोज ऑफिस उघडलं की टेबलावर दुसऱ्यांचे अपघात येऊन पडतात, फोटोंसकट. कोणाच्या अंगावर वळणावरची भिंत अचानक धावून आलेली असते, कोणाचं उभं असलेलं वाहन आपल्या मनाने तळ्यात उतरलेलं असतं. 'निघाले आणि वेळेवर पोचले' अशी एकही फाइल इतक्या वर्षांत माझ्यासमोर आलेली नाही. त्यामुळे माझी अशी पक्की समजूत झाली आहे की कुठलीही गाडी घरातून निघते ती शेवटी माझ्या टेबलावर येण्यासाठीच. तेव्हा गेल्या आठवड्यात आई जेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, शिलाई मशीन माझ्या बहिणीकडे पोचवायचं आहे, तुम्ही गाडी चालवाल ना?" तेव्हा मी तोंडाने "हो" म्हणालो आणि लगेच गाडीची पॉलिसी काढून तिची तारीख बघितली.

मावशींचं तुम्हाला माहीत आहेच. नर्सची नोकरी संपली, शेजारच्या शहरात तळमजल्यावर छोटं घर घेतलं, आणि आता रस्त्याकडच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देण्याचं काम सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. आईंचं मशीन इथे कपडे वाळत घालण्यापलीकडे कशाला वापरात नव्हतं. टेम्पोवाल्याकडे द्यायला आई तयार होईनात, कारण टेम्पोवाला ते आडवं टाकणार. तुमच्या लेकीची परीक्षांची ड्यूटी. दादा तुमच्या गुडघ्यापाशी. राहिलो मी.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? टायरमध्ये हवा किती ठेवू असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "उन्हाळा आहे. उन्हात हवा फुगते. चार-पाच पॉइंट कमीच ठेव. जास्त ठेवलीस तर टायर फुग्यासारखा फुटेल. मी आयुष्यभर असंच करत आलोय." मी घाबरून पुन्हा एकदा विचारलं, तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत, फक्त मोठ्याने. मला ते इतकं पटलं म्हणून सांगू. ऊन आहे, हवा फुगते, म्हणून आधीच कमी ठेवायची. यात न पटण्यासारखं काय आहे? माझ्यासारख्या माणसाला तर हे फारच आवडलं. फुटण्याची शक्यता आहे ना, मग आधीच थोडं सोडून द्या. मी आयुष्यात बहुतेक गोष्टी अशाच केल्या आहेत.

म्हणून मी भर दुपारी गाडी काढली, गावाबाहेरच्या पंपापर्यंत नेली (जवळच्या पंपावरचा माणूस फार घाई करतो आणि घाई करणाऱ्या माणसासमोर मला आकडे सुचत नाहीत) आणि हवा बघायला सांगितली. चारी टायरमध्ये तेहतीस. मी म्हटलं अठ्ठावीस करा. तो म्हणाला, "साहेब, कमी होईल." मी म्हटलं, करा. त्याने केली. मी मान वर करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन गाडीत चढवताना आईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर चष्मा नेला आणि वाचून दाखवलं, "इथे तेहतीस लिहिलंय. आणि गाडी पूर्ण भरलेली असेल तर मागच्या चाकांना छत्तीस." मी म्हणालो, "हो, पण बाबांनी अठ्ठावीस सांगितलंय." आई म्हणाल्या, "बरं." (आईंचं 'बरं' किती प्रकारचं असतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. हे त्यातलं आवाज न करता दार लावून घेणारं होतं.)

आता गाडीत काय काय होतं तेही ऐका, कारण ते महत्त्वाचं आहे. मशीन, त्याच्या लोखंडी स्टँडसकट, मागची सीट पाडून डाव्या बाजूला उभं केलेलं. त्याच्या पायाशी कापडाच्या तुकड्यांनी ठासून भरलेली तीन खोकी. एक बिडाची इस्त्री, जिच्याने माणूस जखमी झाला असता तर मी तो दावा डोळे मिटून मंजूर केला असता. आणि मावशींसाठी म्हणून शेवटच्या क्षणी आलेल्या कुंड्या, मातीसकट. गाडी मागून अशी बसली होती की पुढचे दिवे थेट आभाळाकडे बघत होते. मी आईंना म्हणालो, कुंड्या पुढच्या खेपेला नेऊ. त्या म्हणाल्या, पुढची खेप तुम्ही करणार आहात का? मी कुंड्या नीट बांधल्या.

बाबा, मी गाडी सावकाश चालवतो हे तुम्ही चारचौघांत बरेचदा सांगितलं आहे. या वेळी तर मी स्वतःच्या नेहमीच्या वेगालाही घाबरून होतो. पण महामार्गावर मागून ट्रक असे अंगावर येतात की माणसाला नाइलाजाने शूर व्हावं लागतं. ऊन चढलं तशी मला टायरची काळजी लागली. एका पंपावर थांबलो, खाली उतरून मागच्या डाव्या टायरला तळहात लावला. चटका बसला. मीटर लावायला सांगितलं, तर एकतीस. काल अठ्ठावीस होती, आज एकतीस. बाबा, त्या क्षणी तुमच्याविषयीचा माझा आदर दुप्पट झाला. हवा खरोखरच फुगली होती. तुम्ही तिकडे खाटेवर पडल्या-पडल्या इकडचं बरोबर ओळखलं होतं. मी लगेच चारी टायरची हवा पुन्हा अठ्ठावीसवर आणायला सांगितली.

आई खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, "गरम टायरची हवा सोडू नये."

मी म्हणालो, "आई, फुगलीये. आत्ताच तीन पॉइंट चढलेत. अजून अर्धा रस्ता बाकी आहे."

"चढणारच. धरून चाललेलं असतं ते."

मला तेव्हा यातलं काहीही कळलं नाही. मी म्हणालो, "बाबा म्हणतात..." आणि त्यांनी काच वर केली. (मी काही उद्धटपणाने बोललो नाही, बाबा. मी फक्त तुमचं नाव घेतलं. पण तुमचं नाव घेतलं की आई समोरच्या काचेतून लांब कुठेतरी बघायला लागतात हे मी या प्रवासात पहिल्यांदा नीट पाहिलं.)

पुढचं जरा सांभाळून वाचा. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उघडी शेतं, सावली कुठेच नाही. गाडी जड लागायला लागली. म्हणजे वेग कमी होतोय असं वाटायचं म्हणून मी ॲक्सिलरेटर जास्त दाबायचो. आई म्हणाल्या, "रबर जळल्याचा वास येतोय. हळू करा आणि कडेला घ्या." मी म्हणालो, "पुढच्या ट्रकचा असेल." हे बोलून मी तोंड मिटतो न मिटतो तोच मागे आवाज झाला. फुग्यासारखा नाही, बाबा. कोणीतरी गच्चीवरून कपाट खाली टाकावं तसा. आणि गाडीची मागची बाजू मला न विचारता डावीकडे निघाली.

माझे हातपाय गळाले असं म्हणतात तसं झालं असतं तर बरं होतं. माझा उजवा पाय गळला नाही, तो ब्रेकवर जाऊन बसला. गाडी आडवी व्हायला लागली. आरशात एक ट्रक मोठा होत होता. मला माझं टेबल दिसलं, त्याच्यावर आमची फाइल दिसली, फाइलमध्ये शिलाई मशीनचा फोटोही दिसला.

"ब्रेकवरचा पाय काढ."

आवाज आईंचा होता, पण घरातला नव्हता. आठवीला विज्ञान शिकवताना शेवटच्या बाकापर्यंत पोचत असेल तसा.

"काढ पाय. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धर. घट्ट. वळवू नकोस. गाडीला तिच्या मनाने हळू होऊ दे. मी आहे."

मी पाय काढला. स्टिअरिंग असं धरलं की बोटांवर अजून वळ आहेत. गाडी डुलत, घासत, खडखडत चालली होती, पण सरळ चालली होती. ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला. मग आई म्हणाल्या, "आता थोडं थोडं कडेला. झटका नको. चारी दिवे लुकलुकते ठेव." आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरुमावर जाऊन उभी राहिली. आतमध्ये कुंड्यांची माती सगळीकडे पसरली होती आणि त्यात मशीन मात्र जराही न हलता उभं होतं.

बाबा, इतकी वर्षं मी त्यांचा जावई आहे. आईंनी मला कायम 'तुम्ही' म्हटलं. ताटावर बसायच्या आधी 'घ्या', उठताना 'या'. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'तू' आलं, आणि खरं सांगतो, मला रडू आलं ते टायर फुटल्यामुळे नाही, त्यामुळे आलं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो होतो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढचं काम म्हणजे स्टेपनी काढणं. स्टेपनी कुठे असते? सगळ्यात तळाला. म्हणजे आधी कुंड्या, मग खोकी, मग इस्त्री आणि शेवटी मशीन, असा सगळा संसार महामार्गाच्या कडेला मांडावा लागला. मशीन उचलताना माझी कंबर गेली ती तिथेच. आई गाडीपासून बरंच मागे जाऊन तो लाल त्रिकोण ठेवून आल्या आणि रस्त्यापासून दूर, कडेच्या उतारावर उभ्या राहिल्या, मलाही तिथेच उभं केलं. लांबून ते दृश्य अपघातासारखं दिसत नसावं, कारण एक मोटरसायकल थांबली. नवरा-बायको होते. बायकोने मशीनकडे बघितलं आणि विचारलं, "पँटची उंची कमी करून द्याल का? आत्ता मिळेल?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, आज नाही. माणसांना मदत करायची इच्छा होती, पण पँटचं जमत नाही म्हटल्यावर ती गेली.

स्टेपनी बाहेर आली. हाताने दाबली तर आत गेली. ती पण तुम्ही उन्हाळ्यासाठी म्हणून कमी करून ठेवली होती, आणि नंतर कोणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढे-मागे गाव नाही, ऊन डोक्यावर, फुटका टायर एक आणि बसका टायर एक. मी दादांना फोन लावायला निघालो (म्हणजे तुम्हाला कळलंच असतं), तर आईंनी आपली कापडी पिशवी उघडली आणि त्यातून एक छोटं यंत्र काढलं. गाडीतल्या चार्जरच्या भोकात त्याची वायर खुपसली, नळी स्टेपनीला लावली, आणि ते घरघरायला लागलं. मग चष्म्याच्या डबीतून हवा मोजायचं पेनासारखं मीटर काढलं. मी ते बघत उभा राहिलो. हे त्यांच्याकडे कुठून आलं असं विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या वेळी माझं त्यांना काही विचारायचं धाडस नव्हतं.

हवा भरत होती तोवर त्यांनी मला समजावलं. खोक्यात कापडांबरोबर ठेवलेल्या, कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांना लावलेली एक तारेची क्लिप काढली, सरळ केली आणि म्हणाल्या, "ही मागे-पुढे वाकव. भराभर." मी वाकवली. "आता ओठाला लाव." लावली. बाबा, ती गरम होती. उन्हाने नाही, वाकवून. पुन्हा वाकवली, तर तुटली. आई म्हणाल्या, टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला अशी दबते आणि सुटते. जितकी हवा कमी, जितकं ओझं जास्त, तितकी जास्त दबते. टायर तापतो तो मुख्यतः त्याने. ऊन आणि तापलेला रस्ता त्यात भर घालतात. उन्हाच्या भीतीने मी हवा कमी केली आणि आतला विस्तव वाढवला. चाललेल्या गाडीच्या टायरमध्ये हवा तीन-चार पॉइंटने चढतेच, ते बनवणाऱ्याला ठाऊक असतं, ते धरूनच त्याने दारावर आकडा लिहिलेला असतो. तो आकडा थंड टायरचा. सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायचा, नाहीतर काही तास उभी राहिल्यावर. गरम असताना जास्त दिसली तर हात लावायचा नाही. गरम असताना कमी दिसली तर मात्र खरोखर फारच कमी आहे.

"म्हणजे काल दुपारी मी तेहतीसची अठ्ठावीस केली..."

"ती आज पहाटे पंचवीसही नसेल. आणि मघाशी तुम्ही त्यातूनही सोडली. लागत होती छत्तीस."

('तुम्ही' परत आलं होतं. मला जरा वाईट वाटलं.)

मग मी न राहवून विचारलं, "आई, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, तर बाबांना कधी सांगितलं नाहीत?"

त्या मीटरकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सांगितलं होतं. गाडी नवी होती तेव्हा, पहिल्या उन्हाळ्यात. ते म्हणाले, शाळा शाळेत." मग नळी नीट दाबून बसवत म्हणाल्या, "मग मी शाळा शाळेतच ठेवली. तुमच्या बाबांची गाडी कधी भरलेली नसायची, लांब जायची नाही, निभावून गेलं. पण आज सकाळी मी आकडा वाचला आणि वर 'बरं' म्हणाले. ओझं बघत होते, तरी 'बरं' म्हणाले. ट्रक जवळ आला ना, तेव्हा मला टायरचा राग आला नाही, तुमचा नाही, यांचाही नाही. त्या 'बरं'चा आला."

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे, बाबा. लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. तुमचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण ते वाक्य माझ्या एकट्याजवळ ठेवायला मला जड जातं आहे.

स्टेपनी बसवली. नट आधी हाताने, मग पान्याने, एक सोडून समोरचा असे आवळले, म्हणजे आईंनी सांगितलं तसे. बाकीच्या तीन टायरमध्येही हवा भरली (गरम आहेत हे धरून, चार पॉइंट वर), आणि स्टेपनीवर लांब पळवायचं नाही म्हणून सावकाश पुढच्या गावापर्यंत जाऊन टायरच्या दुकानात थांबलो. दुकानदाराने फुटका टायर उघडून दाखवला. आतून सगळ्या कडेने रबराचा काळा भुगा झाला होता, हाताला पिठासारखा लागत होता. नक्षी मात्र बाहेरून जवळजवळ नवी. तुम्ही नेहमी म्हणता ना, माझे टायर अजून तरुण आहेत. आईंनी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो टायर तुमच्या नातवाहून मोठा निघाला, आणि नातू आता मिशीला तेल लावतो. गाडी फारशी न फिरल्याने नक्षी राहते, रबर मात्र घरात बसल्या बसल्याही म्हातारं होतं. (हे टायरबद्दल आहे.) बाकीचे तिन्ही त्याच्याच बरोबरचे होते, म्हणून चारही बदलले. तुमच्या परवानगीशिवाय. त्याबद्दल क्षमा असावी.

मावशी दारातच उभ्या होत्या. मशीन खिडकीपाशी बसलं, सुई ओवली गेली आणि पहिली टीप माझ्या शर्टावर पडली, तो स्टेपनी काढताना खांद्यात फाटला होता. दोघी बहिणी चहा घेत हसत होत्या. मी मधूनच बाहेर जाऊन चारी टायरना हात लावून येत होतो. परतीचा प्रवास सुरळीत झाला आणि गाडी दिवस मावळायच्या आत दारात आली. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा विनंती एवढीच की पत्र वाचून रागावू नये, आणि रागावायचंच असेल तर माझ्यावर रागवावं, कारण तुमचं ऐकायचं आणि आईंचं नाही, हे मी ठरवलं होतं. दादांना, वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. गुडघ्याला जपा. मी लांबूनच तुमचे पाय धरतो (ऑपरेशन झालेला सोडून).

तुमचा,
जावई

ता. क. १ : मागच्या डाव्या चाकाच्या लोखंडी कडेला किंचित पोचा आला आहे. दुकानदाराने तपासून, ठोकून दिला, धोका नाही म्हणाला. तुम्ही बोट फिरवून बघणारच, म्हणून आधी सांगितलं.

ता. क. २ : मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो होतो हा भाग तुमच्या लेकीला सांगू नका. तिला मी 'टायर बदलला' एवढंच सांगितलं आहे.

ता. क. ३ : पत्र संपवलं होतं, पण आई म्हणतात अर्धवट माहिती पाठवू नका. वर मी 'परतीचा प्रवास सुरळीत झाला' असं लिहिलं आहे. तो सुरळीत झाला कारण गाडी मी चालवली नाही. माझी कंबर आणि हात दोन्ही कामाचे नव्हते. गाडी आईंनी चालवली. तुम्ही ऑपरेशनसाठी दादांकडे गेलात त्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. लायसन्स आलं आहे, फोटो चांगला आला आहे. हवेचं यंत्र आणि मीटर त्यांचंच. नवं लायसन्स म्हणून जाताना मला बसवलं होतं, लांबच्या रस्त्याची त्यांना थोडी धास्ती होती. आता नाही. त्या माझ्यापेक्षा चांगली चालवतात, आणि त्यांच्या शेजारी बसून मी वाटेत चक्क झोपलो. मी गाडीत झोपलो, बाबा. मी.

ता. क. ४ : (हे माझ्या हातचं.) जावईबापूंनी लिहिलेलं वाचलं. सगळं खरं आहे, एक सोडून. डोकं ठेवून नुसते बसले नव्हते, चांगले हुंदके देऊन रडले. मीही रडले, ते लिहायचं त्यांनी माझ्यासाठी टाळलं.

डॉक्टरांनी तुम्हाला शुक्रवारी आपल्या घरी परतायची परवानगी दिलीय असं सूनबाई म्हणाली. मुलाला रजा काढायला लावू नका. मी येते न्यायला. सकाळी टायर थंड असताना हवा बघून निघेन, तेहतीस ठेवेन, त्यावर वाद नको. पुढची सीट शेवटपर्यंत मागे सरकवून बघितली आहे. तुमचा पाय सरळ राहतो.